जितू शिपायाचे बूट

मी आता जे सांगतो ते तुम्ही मानणार नाही. आजवर कोणीच मानलं नाही. फाट्यावरच्या पानठेल्यावर मानलं नाही, सप्त्याला आलेल्या बुवानं मानलं नाही, माझा सख्खा जावई तर अर्ध्या जेवणावरून उठला अन् हात धुऊन मोकळा झाला. पण झालं ते झालं. बूट चालले. वर शिपाई नव्हता, आत पाय नव्हते, अन् बूट आपल्या मनानं फाट्यापासून गावापर्यंत चालले.

हेच मी त्या दिवशी बगीच्यात म्हटलं, तेव्हा गिरिधर मुकादमानं तोंडातला तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सारला.

"आबाजी, सकाळपासून तुमी फेकूनच राहिले."

"सकाळपासून फेकल्या गा. ही खरी हाय."

संत्र्याच्या मृगबहाराची तोड चालू होती. फागुन लागला होता. पहाटे हात आखडून जातील असा गारठा, अन् ऊन वर आलं की पाठ भाजायची. शेताच्या धुऱ्यावरचे पळस पेटल्यासारखे लाल झाले होते, पण त्यांच्याकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. जमीन आमची काळी, कापसाची. पाणी तुटलं की तिला अशा भेगा पडतात की हातातली कात्री पडली तर ती काढायला कोपरापर्यंत हात घालावा लागतो. त्या बगीच्याचा मी रखवालदार. माझी खोपडी, म्हणजे कुडाची झोपडी, बगीच्याच्या कडेला, अगदी रस्त्याला लागून. फाट्यावरून गावात कोण आलं, गावातून कोण गेलं, हे माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय राहत नाही.

बगीचा नागपुरातल्या कळमन्याच्या फळबाजारातल्या एका व्यापाऱ्यानं घेतला होता. गिरिधर त्याचा मुकादम. त्यानं तोडणारी माणसं बाहेरगावाहून आणली होती. संत्रा निवडायला बाया होत्या, त्याही इकडच्या तिकडच्या. त्यात पार्वतीबाई शेजारच्या गावची, तोंडानं सगळ्यांच्या पुढं. आमच्या गावची एकटी प्रीती. गोविंदाची पोरगी. ती ढिगाऱ्याच्या टोकाला बसून फडक्यानं एकेक फळ पुसत होती. चांगलं कॅरेटमध्ये, डागी बाजूला. हात असे चालत होते की जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत अन् ती नुसती त्यांच्यासोबत येऊन बसली आहे.

"कोनाचे बूट, आबाजी?" पार्वतीबाईनं विचारलं.

"जितू शिपायाचे."

"मंग शिपाई कुठी गेलता?"

"तेच सांगतो नं. अन् खोटं वाटलं तं ही प्रीती बसली हाय. तिले इचारा. सारं तिच्यासाठीच झालं."

सगळ्यांनी प्रीतीकडं पाहिलं. प्रीतीनं फळ पुसलं, कॅरेटमध्ये ठेवलं अन् दुसरं उचललं.

तर ऐका. प्रीती नागपूरला नर्सिंग शिकत होती. आमच्या गावात पोरी बारावीपर्यंत जातात, पुढं लगन नाहीतर कापूस. ही पहिली, जी रोज एसटीनं नागपूरला जाऊन रोज घरी परत येत होती. शेवटचं वर्ष होतं. उन्हाळ्यात परीक्षा झाली की दवाखान्यात नोकरी. ती स्वतः त्यातलं काही बोलायची नाही, पण गावातल्या म्हाताऱ्या तिला आतापासूनच गुडघे दाखवायला लागल्या होत्या.

अडचण होती रस्त्याची. संध्याकाळची बस फाट्यावर सोडते अन् निघून जाते. तिथून गाव आत आहे. मधात नाला, नाल्यावर लहानसा पुल्या. पूर्वी त्या रस्त्यावर बैलगाडी अन् शेळ्या याशिवाय काही नव्हतं. मग फाट्यावर बार झाला. शेतांत चुन्याच्या रेषा मारून प्लॉट पडले. कोण कुठला माणूस येतो, कोणाला ठाऊक नाही. संध्याकाळ झाली की पुल्याच्या कठड्यावर बाटल्या घेऊन पोट्टे बसायचे. बाई आली की बोलणं थांबवायचे. बोलले असते तर बरं, असं ते थांबणं होतं.

मागच्या नाही, त्याच्या आदल्या दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी एक मोटारसायकल प्रीतीच्या मागं लागली. लागली म्हणजे काय, तिच्या चालीनं चालली. दिवा बंद करून. ती थांबली की गाडी थांबे, ती चालली की गाडी चाले. पुल्याजवळ पोरगी पळाली. एक चप्पल चिखलात राहिली. माझ्या खोपडीत आली अन् माठाजवळ उभी राहिली. पाणी प्याली नाही, रडली नाही. माठाला हात लावून उभी राहिली.

मी फोन लावायला लावला. पोलिसांची गाडी आली. लाल-निळा दिवा फिरवत, अख्ख्या बगीच्याला रंग देत आली. साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्यानं काच खाली केली.

"काय झालं?"

"काही झालं नाही," प्रीती म्हणाली.

"मंग?"

"गाडी मागं लागली होती."

"नंबर?"

"दिवा बंद होता."

साहेबानं थोडा वेळ रस्त्याकडं पाहिलं. रस्त्यावर त्याच्याच गाडीची धूळ होती. "काही वाटलं तं लगेच फोन करजो," म्हणाला, अन् गेला. गाडीचा दिवा फाट्यापर्यंत दिसत होता. तो दिसेनासा झाला अन् पुल्यावर कोणीतरी हसलं.

"आमच्या गावाकडंही अशीच येते गाडी," गिरिधर म्हणाला. "आली तशी जाते. कुत्रेही भुंकत नाहीत आता तिले."

"म्हणूनच म्हणतो, आयक."

गोविंदा हा प्रीतीचा बाप. बोलणारा माणूस नव्हे. दिवसभर माळव्याच्या वाफ्यात वाकलेला, संध्याकाळी ओट्यावर बसून चऱ्हाट वळणार. पोरीची वाट पाहतो हे लोकांना दिसू नये म्हणून रस्त्याकडं पाठ करून बसायचा. सारा रस्ता कानानं पाहायचा. बस थांबल्याचा आवाज, मग चपलांचा, मग दाराची कडी. त्या दिवसानंतर तो एकच बोलला, "बस झालं शिकणं."

तेवढ्यात ठाण्यात नवा ठाणेदार आला. त्याच्या डोक्यात काय आलं देव जाणे, त्यानं गाडी ठाण्यात उभी केली अन् शिपायांना पायी काढलं. दिवेलागणीला फाट्यापासून गावापर्यंत, गावातून गल्ल्यागल्ल्यांनी अन् परत. आमच्या वाट्याला आला जितेंद्र शिपाई. राहणारा नागपुरातल्या सक्करदऱ्याचा. पोट पुढं, शिट्टी खिशात, अन् पायात जुने बूट, त्यांना टाचेखाली लोखंडी नाल ठोकलेली. तो फाट्यावर स्कूटर लावायचा अन् चालायला लागायचा. टक, टक, टक.

पहिल्या दिवशी गावानं त्याची गंमत केली. "काय साहेब, पेट्रोल संपलं काय?" म्हणे. दुसऱ्यानं सांगितलं, "बायकोनं घरातून काढलं त्याले." जितू कोणावर चिडला नाही. माझ्या खोपडीपाशी आला, बूट काढून बसला अन् म्हणाला, "आबाजी, वीस वर्साची नोकरी झाली. पायानं नोकरी करा लागते हे आज समजलं."

त्यानं काय केलं म्हणाल तर काहीच केलं नाही. चालला. चहा पेला. कोणाची गाय व्याली, कोणाकडं पाहुणा आला, कोणाचा जावई पिऊन पडतो, हे त्याला ठाऊक झालं. पुल्यावरच्या पोट्ट्यांना त्यानं कधी काठी दाखवली नाही. त्यांच्याजवळ कठड्यावर बसायचा अन् एकेकाला नावानं विचारायचा, "कारे बाबू, बाप कसा हाय? दम्याचं औषध आणलं का?" बाटली हातात धरून बापाच्या दम्याचं कसं सांगणार? पोट्टे उठून जाऊ लागले. मग येईनासे झाले.

"पकडला का एक तरी चोर?" गिरिधरनं विचारलं.

"नाही."

"एक तरी बेवडा?"

"नाही."

"मंग कशाचा फायदा? सांगू का आबाजी, पोलीस चालला की चोर मरत नाही. बाजूच्या गावात जाते. आमच्या इकडं तेच झालं. एका गावात गस्त लागली की दुसऱ्या गावच्या मोटारी विहिरीवरून गायब."

पार्वतीबाईनं हातातला संत्रा खाली ठेवला. "थांबा थांबा. म्हंजे तुमच्या पुल्यावरचे बेवडे आमच्या शाळेमागं आले ते याच्यामुळं होय? मी म्हनो, हे नवे तोंडं कुठून आले!"

बाया हसल्या. मीही हसलो. बाई खोटं बोलत नव्हती.

"तुमच्याकडंही एक शिपाई मागा नं," मी म्हटलं.

"मांगतला. म्हनते, मानसं नाहीत."

हे झालं पार्वतीबाईचं. पण आमच्या रस्त्याचं मला ठाऊक आहे, कारण तो माझ्या दारावरून जातो. आधी अंधार पडला की त्यावर बाई दिसत नव्हती. जितू चालायला लागला तशी एक म्हातारी पोथीला निघाली. मग दोन बाया दळणाला. मग कोणाची सून माहेराहून एकटी बसनं आली अन् एकटी चालत गेली. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. टाचांचा आवाज आला की दारं उघडत, एवढंच.

अन् गोविंदानं चऱ्हाट वळता वळता दुसरं वाक्य टाकलं. प्रीतीच्या मायला म्हणाला, "शिपाई चालते तोवर पोरगी चालंन. ज्या दिवशी शिपाई थांबला त्या दिवशी हिचं कॉलेज थांबलं." पोरीच्या पायांना त्यानं शिपायाचे पाय बांधून टाकले. पण निदान ते चालत होते. ती पुन्हा नागपूरला जायला लागली. बस थांबे, टक टक सुरू होई, त्याच्यापुढं तिच्या चपला. गोविंदा पाठ करून बसलेला. कडी वाजली की चऱ्हाट गुंडाळून आत जाई.

"बरोबर हाय का वं प्रीती?" पार्वतीबाईनं विचारलं.

"कॅरेट सरकवा इकडं," प्रीती म्हणाली.

मग आला डिसेंबर. आता नागपुरातल्या माणसाला डिसेंबर काय असतो हे सांगायची गरज नाही. अधिवेशन! अख्खं सरकार मुंबईहून उचलून नागपुरात येऊन बसतं, अन् जिल्ह्यात जेवढी खाकी आहे तेवढी बंदोबस्ताला. मोर्चे अडवायला, रस्ते अडवायला, मोठ्या माणसांच्या गाड्यांपुढं उभं राहायला. जितूलाही हुकूम आला. नवे बूट मिळाले. कडक, काळे, पायाला चावणारे. जुने हातात घेऊन तो माझ्याकडं आला.

"आबाजी, हे ठेवा इथं. आलो की घालतो. नवे काही आपल्याले जमत नाही."

"कवा येशीन?"

"अधिवेशन संपलं की."

"ते कवा संपते?"

"ते त्याहिलेच मालूम नाही."

"अन् तोवर रस्त्यावर कोन?"

जितूनं फाट्याकडं पाहिलं, मग गावाकडं. "पाठवतील कोनाले तरी," म्हणाला. त्यानं माझ्या कुडातल्या खिळ्याला बूट अडकवले, नाडीला नाडी बांधून. अन् गेला.

इथवर कोणीही मानेल. इथून पुढं मुकादमानं खर्रा थुंकून घ्यावा.

दुसऱ्या दिवशी दिवेलागण झाली. धुकं उतरत होतं, तुरीच्या शेतातून थंडी जमिनीलगत सरकत होती. मी चुलीपुढं बसलेलो. तर कुडावर खडखड. पाहतो तर बूट खिळ्यावर हलून राहिलेत. उजव्यानं डाव्याची गाठ सोडवली. खाली उतरले. जरा वेळ उभे राहिले, जसा माणूस कंबर सरळ करतो तसे, अन् दारातून बाहेर!

"आत कोनी नाही?" पार्वतीबाई.

"हात घालून पाह्यला. गरम होते, पन रिकामे."

"अन् चालून राहिले?"

"चालून काहून नाही राहतील? इतके दिवस तोच रस्ता. नवा माणूस पाठवला असता तं त्याले इचारा लागलं असतं. बुटाले इचारा लागत नाही."

मी कांबळं पांघरून मागं निघालो. बूट फाट्यावर गेले अन् बसच्या शेडजवळ, जिथं जितू उभा राहत होता बरोबर तिथंच उभे राहिले. बस आली. प्रीती उतरली. तिनं खाली पाहिलं, बुटांनी तिच्याकडं पाहिलं. कसं पाहिलं विचारू नका, पाहिलं. अन् निघाली वरात. पुढं ही, मागं बूट, त्यामागं मी. नाड्या धुळीत घासत होत्या.

पुल्यावर पोट्टे परत आले होते. त्यांना बातमी आमच्याआधी लागली होती की शिपाई गेला. टक टक ऐकून एकजण उठला अन् त्यानं सलाम ठोकला. दुसरा म्हणाला, "अबे, आत कोनी नाही!"

पहिला म्हणाला, "नसू दे. बूट तं सरकारी हायेत नं!"

गिरिधर हसला. हसता हसता त्याला ठसका लागला. बाया तर ढिगाऱ्यावरच कलंडल्या. प्रीतीचं फडकं चालूच होतं.

तिकडं गोविंदाच्या कानावर टाच आली. बस, चपला, टक टक, कडी. सारं जागच्या जागी. त्यानं चऱ्हाट गुंडाळलं अन् आत गेला. पाहायला उठला नाही. तो कधीच उठत नव्हता.

असं रोज चाललं. हळूहळू गावाला कळलं. आमच्या गावाला कशाचंच नवल फार दिवस वाटत नाही. बाया बुटांच्या मागून दळणाला जाऊ लागल्या. एकीनं चहा आणून दिला.

"बूट चहा कसे पेतात?" पार्वतीबाईनं मला पेचात धरलं.

"बशीत ओतला तं पेतात. कपात नाही पेत."

सरपंचानं नारळ फोडला. ठाणेदाराच्या कानावर गेलं, तो स्वतः आला. बुटांभोवती फिरला. म्हणाला, "यांचा बक्कल नंबर काय?" मी म्हटलं, साहेब, बक्कल तं छातीवर असते, छाती बंदोबस्ताले गेली. ठाणेदार म्हणाला, "बिना बक्कलचे बूट गस्तीवर फिरतात हे नियमात बसत नाही." मग जरा विचार करून म्हणाला, "पण फिरू द्या. निदान सुट्टी तरी मागत नाहीत." अन् जाता जाता त्यानं बुटांना सांगितलं, "पॉलिश करत जा."

"वा!" गिरिधर मांडीवर हात मारून म्हणाला. "अन् अधिवेशन संपल्यावर? जितू आला का?"

"नाही आला. त्याले शहरातच ठेवलं, चौकात उभं केलं. अजून तिथंच असंन. नवे बूट घालून."

"मंग?"

"मंग काय, बुटाहिनंच वर्ष काढलं. हिवाळा गेला, उन्हाळा आला. टाचा झिजून नाल पातळ झाली. शेवटच्या दिवशी प्रीती परीक्षा देऊन बसमधून उतरली तवा बूट लंगडत होते. तिले दारापर्यंत सोडलं अन् परत येऊन माझ्या दारात आडवे झाले. ते पुन्हा उठले नाहीत. निकाल लागला. पोरगी पास. पहिल्या नंबरानं!"

हे सांगताना मी उठून उभाच राहिलो होतो. बायांचे हात थांबले होते. गोष्ट चांगली रंगली की असंच होतं. पण गिरिधर कळमन्याच्या बाजारात मुरलेला माणूस. वरचा थर पाहून तो माल घेत नाही.

"आबाजी, एक इचारू? पोरगी पास झाली, नर्स झाली, तं इथं संत्रे काहून पुसून राहिली?"

"सुट्टीवर हाय."

"सुट्टीवर?"

"दवाखान्यात सुट्टी नसते काय गा? घरी बसून करमत नाही म्हणून आली."

गिरिधरनं डोळे बारीक केले. मग डाव्या हाताचा अंगठा वर केला. त्यावर मळकी चिंधी बांधलेली होती. काल तोडताना त्याला कात्री लागली होती. "नर्सबाई, मंग जरा हे तं पाहा," तो प्रीतीला म्हणाला. त्याच्या आवाजात गंमत होती. खोटं उघडं पाडायचं होतं, दुसरं काही नाही.

प्रीतीनं फडकं बाजूला ठेवलं. उठली. त्याचा हात धरून त्याला माठाकडं नेलं. आधी स्वतःचे हात साबणानं धुतले, मनगटाच्या वरपर्यंत, बोटांच्या मधातून. चिंधी ओली करून, न ओढता, हळूहळू सोडवली. जखम पाहिली. दाबली नाही, कडेकडेनं बोट फिरवलं.

"दुखते?"

"थोडं."

"ठणका मारते का? काखेत गाठ?"

"नाही."

"टिटॅनसचं इंजेक्शन घेतलं?"

"इतक्याशासाठी?"

"कात्री मातीत पडली होती. आज घ्या. उद्या नाही, आज." तिनं पाणी सोडून जखम धुतली, धूत राहिली. मग पार्वतीबाईच्या धुतलेल्या दुपट्ट्याची पट्टी फाडली अन् अशी बांधली की अंगठा वाकत होता पण पट्टी सरकत नव्हती. "हात खाली लोंबकळू देऊ नका. आज कॅरेट उचलू नका." सारं एकाच आवाजात. फळं पुसतानाही तिचे हात असेच चालत होते, पण आता ते तिचे होते.

गिरिधर आपल्या अंगठ्याकडं पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरची गंमत कुठंतरी गेली.

"आबाजी," तो म्हणाला, "माफ करा. आता मानतो. बुटाचं तुमचं तुमाले मालूम, पन पोरगी नर्स हाय. हे हात खोटे नाहीत. कोनी तरी तिले त्या रस्त्यानं आनलं हाय."

पार्वतीबाईनं मान डोलावली. "बूट का असंना बापा. आनलं तं."

माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझी गोष्ट मानत होतं. मी खाली बसलो. बुटांना मिळालेल्या पेन्शनचं सांगायचं राहूनच गेलं.

प्रीती परत ढिगाऱ्याजवळ येऊन बसली होती. फडकं उचललं. एक फळ पुसलं, त्यावर डाग होता, ते बाजूला ठेवलं.

"खोटं हाय," ती म्हणाली.

कोणालाच आधी कळलं नाही ती कोणाशी बोलते आहे.

"परीक्षेले मी बसलीच नाही," ती म्हणाली. मान वर केली नाही, आवाज वर केला नाही. पुढचं फळ घेतलं. "जितूभाऊ गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून बाबानं जाऊ देल्लं नाही. पुस्तकाची पिशवी कांद्याच्या बियाले घेतली. बूट कुठी गेले नाहीत, आबाजी. तुमच्या कुडालेच होते. मी पानी न्याले येत जाओ तं रोज पाहो त्याहिले."

तिनं ते फळ कॅरेटमध्ये ठेवलं.

"एक दिवस जरी कोनाच्या पायात चालले असते नं, तरी भागलं असतं. बाबा नुसती टाच आयकत होते, उठून पाहाले येत नव्हते."